बदकाची पिवळी बॅग

एखादी गोष्ट द्यायची नसली की माणसं सरळ नाही म्हणत नाहीत, अट घालतात. सोन्यानेही तेच केलं आणि तिथेच तो फसला.

"हे बघ आत्या," जेवता जेवता तो म्हणाला, "कॅमेरा तुझाच आहे, कोण नाही म्हणतंय? पण भाजीच्या पिशवीत घालून हिंडवायची वस्तू आहे का ती? लेन्सा एकमेकींवर आपटतील, आत धूळ जाईल. ज्या दिवशी तुझ्याकडे रीतसर बॅग असेल, त्या दिवशी खुशाल घेऊन जा बाहेर. तोवर तो काचेच्या कपाटात राहू दे."

सोन्या म्हणजे कुणी कोवळं पोर नव्हे. चाळिशी ओलांडलेला, दाढी राखलेला, पोट सुटलेला गृहस्थ. बाहेर त्याला सगळे सर म्हणतात, घरात मात्र तो अजून सोन्याच. बापाचा फोटो स्टुडिओ त्याने हातात घेतला, मधल्या भिंती पाडून काचा लावल्या आणि रविवारी नव्या स्टुडिओचं उद्घाटन ठेवलं. आत शिरल्याबरोबर समोर एक काचेचं कपाट केलं होतं. आत छोटा दिवा, खाली पितळी पट्टी: 'आमचा पहिला कॅमेरा'. पट्टी तयार, दिवा तयार, नव्हता फक्त कॅमेरा. कुठून असणार? जागा अडते म्हणून बापलेकांनी मिळून जुने सगळे कॅमेरे कधीच भंगारात घातले होते. आता पाहुण्यांना परंपरा दाखवायची म्हटल्यावर घरात शोधाशोध झाली आणि सापडला तो आत्याचा कॅमेरा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

कॅमेरा खरोखर आत्याचा होता. भूगोल शिकवणाऱ्या एक बाई होत्या. शाळेला सुट्टी लागली की त्या डोंगर चढायच्या आणि परत आल्या की रोल धुवायला स्टुडिओत टाकायच्या. निवृत्त होऊन मुलीकडे राहायला निघाल्या तेव्हा कुणालाही न विचारता काउंटरच्या आत शिरल्या, अंधाऱ्या खोलीचं दार वाजवलं आणि आत्याच्या हातात एक पुडकं ठेवलं. "माझे डोंगर माझ्याआधी तूच बघत आलीस," त्या म्हणाल्या. "आता जरा स्वतः जाऊन बघ." पुडक्यात तळहातावर मावणारा फिल्मचा कॅमेरा, दोन लेन्सा, उजेड मोजायचा मीटर आणि बोटभर फ्लॅश. एवढाच संसार, पण टापटीप.

आणि आत्या कोण, तेही सांगायला हवं. गल्लीत तिचं खरं नाव कुणाला आठवत नाही, सगळे अंधारआत्या म्हणतात. तिच्या दादाने, म्हणजे सोन्याच्या बापाने, स्टुडिओ काढला तेव्हा ती नुकती कॉलेजातून बाहेर पडली होती. दादा बाहेर फोटो काढेल, ही आत रोल धुवेल आणि प्रिंट काढेल, अशी वाटणी झाली. तात्पुरती. घरातल्या बाईकडे आलेली तात्पुरती कामं कशी जन्माला पुरतात ते काय सांगायचं! लग्नाचं राहून गेलं. राहून गेलं म्हणायची आपली पद्धत; खरं तर स्थळं यायची आणि दादा म्हणायचा, "हा सीझन संपू दे." मधूनमधून ती म्हणायची, "दादा, मलाही एकदा बाहेर काढू दे की फोटो." त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं: "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही गं. तू बाहेर आलीस तर आत कोण?" दोरीने बांधलेला माणूस निदान ओरडतो तरी. कौतुकाने बांधलेला आभार मानत बसतो. आत्याही बसली.

पुढे फिल्म मागे पडली, डिजिटल आलं. अंधाऱ्या खोलीत सोन्याच्या बायकोने आरसे बसवले, दिवे लावले आणि तिची मेकअपची खोली झाली. आत्या उजेडात आली ती अशी. कुणी हात धरून आणलं नव्हतं, पायाखालची खोलीच गेली होती. साठीच्या त्या उजेडात तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण लोकांचे हजारो चेहरे धुऊन वाळत घातले, पण एकही फोटो स्वतः काढला नाही. ते तिला फार लागलं. म्हणून तो कॅमेरा आता तिला हवा होता, काचेमागे नव्हे, हातात.

"म्हणजे बॅग आणली की नेऊ ना?" तिने विचारलं.

"हो गं बाई, ने."

"दादा, तू ऐकलंस?"

ताटाच्या पलीकडे बसलेल्या दादाने मान वर केली नाही. पाय थकले होते, काठी आली होती, पण घरात शेवटचा शब्द अजून त्याचाच असे. "बॅग आणशील तेव्हा बघू," तो म्हणाला.

"सूनबाई, तू ऐकलंस?"

"ऐकलं, आत्याबाई," सोन्याची बायको म्हणाली आणि हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

उद्घाटन रविवारी होतं, हे बोलणं झालं शुक्रवारी. सोन्याचा हिशोब असा की आत्या काही इतक्यात बॅग आणत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. आपण कुणाच्या हातात शब्द देतोय हे त्याने बघायला हवं होतं. शनिवारी सकाळी आत्या कॅमेऱ्याचं सगळं सामान टॉवेलात गुंडाळून, तो टॉवेल भाजीच्या पिशवीत घालून चपला शोधत होती.

"कुठे?" सोन्याने विचारलं.

"बॅग घ्यायला."

"आज? अगं, उद्या उद्घाटन आहे!"

"म्हणून तर आज."

सोन्याने केसांतून हात फिरवला. "थांब, मी येतो. तुला त्यातलं काय कळतं?"

बॅगवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ. छतापासून बॅगा लोंबत होत्या, उंच माणसाला वाकून चालावं लागे, आणि सगळीकडे नव्या रेक्झिनचा वास. बॅगवाला काउंटरवर वाकून एका बॅगेची अडकलेली चेन पकडीने सैल करत होता. बोलघेवडा माणूस, गिऱ्हाईक आलं की आधी तोंड सुरू व्हायचं, मग हात.

"या सर, या मावशी! काय दाखवू? शाळेची, ऑफिसची, प्रवासाची?"

"कॅमेऱ्याची," आत्या म्हणाली.

"प्रोफेशनल दाखवा," सोन्या म्हणाला.

बॅगवाल्याने आकड्याच्या काठीने एक काळं धूड खाली उतरवलं. पाठीवर घ्यायची, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, आत इतके कप्पे की एका माणसाचं बिऱ्हाड मावावं. आत्याने तिच्यात आपला कॅमेरा ठेवला. तो एका कोपऱ्यात असा दिसेनासा झाला की तिला तो हाताने चाचपून शोधावा लागला.

"नाकापेक्षा मोती जड," ती म्हणाली. "ही मला उचलून नेईल. दुसरी."

दुसरी चामड्याची होती, दिसायला देखणी, पण तिची दोन बकलं सोडवेपर्यंत समोरचा माणूस हसून, रुसून घरी गेला असता. तिसरी बरी होती, तर सोन्या म्हणाला हिचा फोम पातळ आहे. चौथी आत्याला आवडली, तर सोन्या म्हणाला हिला कुलूप नाही.

"कुलूप कशाला?"

"महागाच्या वस्तू असतात आत."

"सोन्या, मला कॅमेरा काढायला बॅग हवीय, कोंडायला नको."

पाचवीबद्दल त्याने पट्टा कच्चा आहे म्हणून तक्रार केली, आणि पट्ट्याला धरून बॅगवाला स्वतः लोंबकळायला निघाला, इतका तो पक्का होता. तेव्हा आत्याला उमगलं. हा बॅग निवडायला आलेलाच नाही. जगातल्या प्रत्येक बॅगेत खोट निघणार, दुपार होणार, आपण रिकाम्या हाताने घरी जाणार आणि उद्या कॅमेरा दिव्याखाली बसणार. लहानपणी औषध घ्यायचं नसलं की चमचा कडू आहे, वाटी गरम आहे, असली कारणं हाच पोरगा सांगायचा. तिला राग आला. तिला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट उतरत असे.

"भाऊ," ती बॅगवाल्याला म्हणाली, "तुमच्याकडे आहेत तेवढ्या छोट्या बॅगा काउंटरवर ओळीने मांडा. आणि मला एक खुर्ची द्या."

खुर्ची आली. आत्या बसली, टॉवेल उलगडून कॅमेरा, लेन्सा, मीटर, फ्लॅश मांडीवर घेतला, आणि डोळे मिटले.

बॅगवाला घाबरला. "मावशींना चक्कर आली का? पाणी आणू?"

"चक्कर नाही आली," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "मी बॅग बघतेय."

ज्याने अंधाऱ्या खोलीत काम केलेलं नाही त्याला हे वेड्यासारखंच वाटणार. पण रोल डब्यातून काढून धुवायच्या टाकीत भरताना लाल दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोख लागतो. तिथे हाताला जे सापडतं तेच खरं. आत्या आयुष्यभर डोळ्यांनी वस्तू ओळखायच्या आधी बोटांनी ओळखत आली होती. आता डोळे उघडे ठेवून पाच बॅगा बघितल्या आणि पाचांतही सोन्याचंच तोंड दिसलं. तेव्हा तिने आपल्या जुन्या रीतीने जायचं ठरवलं.

पहिल्या बॅगेचं झाकण तिने ओढलं. वेल्क्रो चर्रर्र करत सुटला.

"ही नको. एवढी बोंब मारली तर समोरचं मांजरसुद्धा पळेल."

दुसरीची चेन तिरकी होती, अर्ध्यात अडली. तिसरीचं झाकण बाहेरच्या बाजूने उघडत होतं. "हे उघडलं की आतलं सगळं गर्दीला दिसणार. झाकण माझ्याकडे उघडायला हवं." चौथीत कॅमेरा नीट बसला पण बाहेर काढताना पट्टा दर वेळी कप्प्याच्या कोपऱ्याला अडकला. तिने तीनदा काढून बघितला आणि बॅग बाजूला सारली. बॅगवाल्याचा चेहरा आता बदलला होता. गिऱ्हाईकं चेन बघतात, रंग बघतात, फार तर उलटी करून शिवण बघतात. असं कुणी बॅगेची नाडी बघितली नव्हती. तो पुढे पुढे सरकवत गेला, ती हाताने बाद करत गेली.

मग तिचा हात आपणहून काउंटरच्या टोकाला गेला आणि एका बॅगेवर थांबला.

"अहो मावशी, ती..." बॅगवाला म्हणाला.

"थांबा. बोलू नका."

हलकी, आखूड, बाजूने अंगाला लागणारी. झाकण तिच्याच बाजूला उघडलं, टिचबटणाचा हलकासा टिच आवाज झाला, बस. आत मऊ भिंतींचे तीन गोल कप्पे. एकात लेन्स, दुसऱ्यात लेन्स, अगदी शिंप्याने माप घेतल्यासारख्या. तिसऱ्यात मीटर आणि फ्लॅश. मध्ये सपाट जागा, तिथे कॅमेरा आडवा बसला. अस्तर गुळगुळीत आणि जाड होतं, बाहेरचं ऊन आत पोचणार नाही असं. फिल्मला ऊन सोसत नाही. बाहेरून दोन खिसे, डावा इलॅस्टिकचा, उजवा बटणाचा. आत्याचे ओठ हलले. कोरे रोल डावीकडे, काढून झालेले उजवीकडे, बटण लावून. म्हणजे अंधारातही घोटाळा व्हायला नको. तिने कॅमेरा घातला आणि काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. उजवा हात एकटाच सगळं करत होता, डाव्याला काही कामच उरलं नव्हतं.

"हीच," ती म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

बॅग पिवळीधमक होती. साधी पिवळी नव्हे, लांबून गाडी थांबावी अशी पिवळी. आणि झाकणावर चोच वासलेलं एक गुबगुबीत बदक भरलेलं होतं.

सोन्या इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं.

"मी तेच सांगत होतो मावशी," बॅगवाला ओशाळून म्हणाला. "ही कॅमेऱ्याची नाही. बाळाच्या दुधाच्या बाटल्या ठेवायची आहे. दूध गरम राहावं म्हणून अस्तर तसं आहे. काल एक बाई बघून गेल्या, ती तशीच इथे राहिली."

आता ही फजितीच. दुसऱ्या कुणी डोळे उघडे ठेवून निवडलं असतं आणि असली चूक झाली नसती. आत्याचा चेहरा क्षणभर उतरलासुद्धा. तेवढ्यावर सोन्या गप्प बसता तर ही गोष्ट कदाचित तिथेच संपती, आणि आत्या मुकाट्याने काळ्या बॅगेकडे वळती. पण जिंकत आलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

"झालं?" तो डोळे पुसत म्हणाला. "चल आता घरी. दुधाच्या बाटल्यांची बॅग! अगं, लोक काय म्हणतील? तुला कुठे बाळ आहे?"

 बॅगवाल्याने पकड उचलली आणि काही काम नसताना चेन ओढायला लागला.

"नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "मला बाळ नाही. पण तुझी आई काउंटरवर असायची आणि तू पाळण्यात बोंबलायचास, तेव्हा तुझ्या दुधाच्या बाटल्या कुठे गरम व्हायच्या, माहितीय? केमिकलचे ट्रे कोमट ठेवायला मी गरम पाण्याचं घमेलं भरायचे. त्याच पाण्यात एका बाजूला तुझी बाटली. लाल दिव्यात तुला मांडीवर घेऊन एका हाताने पाजायचे आणि दुसऱ्या हाताने तुझ्या बापाच्या गिऱ्हाइकांचे फोटो हलवायचे. म्हणून मला एका हाताने उघडणारी बॅग लागते. सवय तूच लावलीस."

सोन्याचं हसू गेलं, पण हट्ट गेला नाही. "ते ठीक आहे गं," तो पुटपुटला. "पण मी रीतसर बॅग म्हणालो होतो. ही रीतसर नाही."

"रीतसर म्हणजे कशी ते तू तेव्हा सांगितलं नाहीस. आता सांगून उपयोग नाही."

"मावशी," बॅगवाला मध्ये पडला, "हवं तर बदक उसवून देतो. वर काळं कापड लावतो. कळणारसुद्धा नाही."

आत्याने बॅग खांद्याला लावली, पट्टा आपल्या उंचीला बेतला आणि बदकाकडे एकदा बघितलं. सगळा जन्म तिने कळणार नाही अशाच तऱ्हेने काढला होता. फोटोखाली शिक्का दादाचा, पाटीवर नाव दादाचं, आणि कुणी प्रिंट छान आलीय म्हटलं तर दादा म्हणायचा, मशीन चांगलं आहे आपलं. मशीन म्हणजे ही.

"राहू दे बदक," ती म्हणाली. "कळू दे की."

"लोक हसतील, आत्या."

"हसतील त्यांचे दात दिसतील. दात दिसले की फोटो चांगला येतो."

तिने आपल्या बटव्यातून बॅगेचे पैसे दिले, बॅगवाल्याने वर एक जादा टिचबटण फुकटच हातावर ठेवलं, आणि ती बाहेर पडली. सोन्या गाडीपाशी जाऊन दार उघडून उभा राहिला. आत्या मात्र उलट्या दिशेला वळली.

"तिकडे कुठे? घर इकडे आहे!"

"रोल घ्यायला. आणि मग चालत येईन. उजेड चांगला आहे."

घरी पोचली तेव्हा दादा तिची वाट बघत होता. सोन्याने आधीच येऊन कान भरले होते. दादा ओरडला नाही. तो ओरडला असता तर सोपं झालं असतं. त्याने समजुतीचा, म्हातारपणाचा, पाय दुखण्याचा आवाज लावला.

"एक दिवस गं," तो म्हणाला. "उद्याचा एक दिवस ठेव कपाटात. बाहेरची माणसं येणार, कपाट रिकामं बरं दिसतं का? सोमवारी काढून घे. तात्पुरतं म्हणतोय मी."

आत्याने बॅग खांद्यावरून उतरवली नव्हती. तात्पुरतं हा शब्द ऐकला आणि तिने पट्टा खांद्यावर आणखी वर ओढला. 

"दादा, तू मला एकदा तात्पुरतं आत बसवलं होतंस."

"आता जुनं काय काढतेस?"

"जुनं तुम्हीच काढताय. भंगारात घातलेलं जुनं काचेत मांडताय, आणि तेही माझं. तो कॅमेरा तुमचा पहिला नाही, शेवटचाही नाही. खाली खोटी पट्टी लावलीत."

"माझ्या शब्दाला या घरात काही मान आहे की नाही?"

"आहे ना. मीच ठेवलाय इतकी वर्षं. आता दमले."

आणि ती स्वतःच्या खोलीत गेली.  सूनबाईने दादाला चहा आणून दिला तेव्हा तो म्हणाला, "येईल उद्यापर्यंत ताळ्यावर."  सूनबाईला तसं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी तिची इच्छाही नव्हती.

रविवारी सकाळी स्टुडिओसमोर माणसं जमली. शेजारचे दुकानदार, सोन्याची जुनी गिऱ्हाइकं, दादाचे मित्र, फीत कापायला बोलावलेला बँकेचा मॅनेजर. फीत कापली, टाळ्या झाल्या, सगळे आत गेले आणि आत जाताच सगळ्यांची नजर त्या कपाटाकडे गेली. आत दिवा लागला होता. कॅमेरा नव्हता. सोन्याने पितळी पट्टी उपटायचा प्रयत्न केला होता, पण ती नीट चिकटवलेली होती.

"वा," मॅनेजर वाकून वाकून बघत म्हणाला. "पहिला कॅमेरा. पण... कुठे आहे?"

सोन्या घसा खाकरू लागला. दादाने काठी आपटली.

"इथे आहे," दारातून आवाज आला.

आत्या पायरीच्या खाली, फुटपाथवर उभी होती. रोज नेसायची तीच साडी, खांद्याला ती पिवळी बॅग, बदक लोकांकडे तोंड करून. कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने बॅग उघडली, टिच आवाज झाला, आणि कॅमेरा हातात आला.

"पहिला वगैरे नाही," ती म्हणाली. "माझा आहे. बाहेर या सगळे. फोटो काढायचा आहे."

लोक फोटो म्हटलं की हलतात. कुठलाही समारंभ घ्या, भाषणाला न हललेली माणसं फोटोला हलतात. मॅनेजर आधी बाहेर आला, त्याच्यामागे दुकानदार, त्यांच्यामागे सगळे. नव्या काचेसमोर ते पायऱ्यांवर उभे राहिले आणि आपापले केस सारखे करू लागले. मधोमध खुर्ची होती, दादासाठी आणलेली. दादा मात्र दारातच उभा होता.

आत्याने मीटरवर उजेड बघितला, लेन्सवरचं कडं फिरवलं.   सोन्या ओठ घट्ट मिटून मागच्या ओळीत उभा राहिला. शेवटी त्याने मागे वळून काचेत बघितलं आणि धंद्याने उचल खाल्लीच.

"आत्या, बाजूला सरक. मागच्या काचेत तू दिसतेयस. ती पिवळी बॅगसुद्धा."

आत्याने काचेत बघितलं. माणसांच्या मधल्या फटीतून एक साठीची बाई डोळ्याला कॅमेरा लावून उभी होती. तिने आजवर हजारो प्रिंट काढल्या, त्यांपैकी एकीतही ही बाई नव्हती.

"दिसू दे," ती म्हणाली.

"मी नाही उभा राहणार," दादा दारातून म्हणाला. आवाज मोठा होता, गल्लीला ऐकू जाईल असा. या एका वाक्यावर पूर्वी अख्खं घर थांबत असे. सीझन थांबत असे, स्थळं परत जात. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं.

"नको राहूस," आत्या म्हणाली. "तुझ्याशिवाय काढते. सूनबाई, त्या खुर्चीत बस तू."

सूनबाई क्षणभर घुटमळली, मग आली आणि खुर्चीत ताठ बसली. आत्याने कॅमेरा डोळ्याला लावला. कुणी खोकलं, कुणी पोट आत घेतलं. काठी टेकवत टेकवत दादा पायऱ्या उतरला. मधली जागा भरलेली बघून इकडेतिकडे बघत राहिला, आणि मग मुकाट्याने जाऊन अगदी कडेला, दुकानदारांच्या शेजारी उभा राहिला. कॅमेऱ्यातून तो अर्धाच दिसत होता.

"दादा, आत सरक," आत्या म्हणाली. "कापला जातोयस."

आयुष्यभर दुसऱ्यांना सरकवत आलेला तो माणूस एक पाऊल आत सरकला.

"अजून थोडा," ती म्हणाली, आणि तो सरकल्यावर तिने फोटो काढला.